दोनशे जीबीचं लग्न आणि हातभर केबल

पालघर-बोईसर पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की फोटो स्टुडिओंना रात्र पुरत नाही. हळद, वरात, रिसेप्शन, वर ड्रोन, सगळं फोर-के. एका लग्नाचा डेटा दोनशे जीबीवर सहज जातो. तो ठेवायला आणि त्यावरच एडिटिंग करायला बाहेरून जोडायचा एसएसडी हवा. मग डहाणू लोकल पकडून ग्रँट रोड गाठायचं आणि लॅमिंग्टन रोडवर भाव विचारत फिरायचं.

तिथे खोक्यावर ५, १०, २०, ४० असे आकडे दिसतात. ते गिगाबिटचे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १० गिगाबिटच्या पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण हजार मेगाबाइट मिळतात. दोनशे जीबी साडेतीन मिनिटांत. तोच ड्राइव्ह मोबाइल चार्जरच्या केबलने जोडला तर? दिसायला तीही टाइप-सीच. पण अशा बहुतेक केबल आतून यूएसबी २.० असतात. वेग चाळीस मेगाबाइटच्या आसपास येतो आणि त्याच कॉपीला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. महागडा ड्राइव्ह घेऊन हातभर केबलपायी रात्र घालवणं खरंच वाईट.

कॅमेऱ्यातून माल उतरवताना अडतं कार्डापाशी. नेहमीचं यूएचएस-वन एसडी कार्ड सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपासच देतं, पुढे ड्राइव्ह कितीही वेगवान असो. ड्राइव्हचा वेग कामी येतो तो एडिटिंगच्या वेळी आणि एका एसएसडीवरून दुसऱ्यावर बॅकअप घेताना.

२० गिगाबिटचा पर्याय फसवा आहे. हा ‘जेन टू बाय टू’ प्रकार मॅकबुकवर चालत नाही, बऱ्याच लॅपटॉपवरही नाही. ड्राइव्ह मुकाट्याने १० वर उतरतो आणि वरचे पैसे वाया जातात. ४० गिगाबिटचं यूएसबी-फोर किंवा थंडरबोल्ट खरंच तीन हजार मेगाबाइटच्या घरात जातं. पण लॅपटॉपला तसं पोर्ट हवं, केबल त्याच दर्जाची हवी आणि एनक्लोजरमधली, म्हणजे एसएसडी ज्या बाहेरच्या केसिंगमध्ये बसवतात त्यातली, एसएसडीला यूएसबीशी जोडणारी ब्रिज चिपही. एएसमीडियाची २४६४ ही चिप त्यासाठी नावाजलेली. १० गिगाबिटसाठी रियलटेकची ९२१०बी पुरते, आणि बोईसरच्या बहुतेक स्टुडिओंना एवढंच पुरेसं आहे.

राहिला उकाडा. मे महिन्यात चिंचणी-केळव्याच्या किनाऱ्यावर भर दुपारी शूटिंग चालतं, तेव्हा प्लास्टिकच्या केसिंगमधला एनव्हीएमई प्रकारचा एसएसडी तापतो. तापमान सत्तर-ऐंशी अंशांकडे गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणून केसिंग जाड ॲल्युमिनियमचंच घ्यावं. बारीक पंखा असलेली एनक्लोजर एसी खोलीत ठीक. किनाऱ्यावर तोच पंखा खारी हवा आणि वाळू आत ओढतो.

ड्राइव्ह बसवताना एक गोष्ट पाहावी. बावीस मिलिमीटर रुंद, ऐंशी मिलिमीटर लांब अशा एसएसडीच्या पट्टीवर मऊ थर्मल पॅड लावायचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म असते. एका बाजूची निघते, दुसरी घाईत तशीच राहते. ती काढून झाकण घट्ट बसवलं की ड्राइव्हची उष्णता धातूत उतरते आणि केसिंग हाताला गरम लागू लागतं. त्याने घाबरून जाऊ नये. उष्णता बाहेर पडत असल्याची ती खूण आहे.