गोंदण आणि डॉक्टरी



हरमलच्या किनाऱ्यावर टॅटूची दुकाने झाली आहेत. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाने तेथे हात पुढे करावा काय, असे पालक आम्हां शिक्षकांस विचारतात. धर्माचे उत्तर घरोघर ठाऊक आहे. आम्ही पोटापाण्याचे सांगतो.

पेडणे-डिचोलीच्या कित्येक आज्यांच्या हातांवर गोंदण असे. तेच डॉक्टराच्या हातावर दिसले म्हणून रोगी उठून जाईल, असे आम्हांस वाटत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत प्रवेश 'नीट'च्या गुणांवर मिळतो, कातडीवर नव्हे. अडचण आहे ती पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची. सैन्याच्या नियमाने कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागली बाजू, एवढीच मोकळीक. अन्यत्र कायमचे गोंदण आढळल्यास उमेदवार बाद; रूढीने गोंदणाऱ्या आदिवासींपुरती सवलत. गंमत पाहा, उघड्या हातावरचे चालते, बाहीखाली झाकलेले दंडावरचे चालत नाही! शिवाय सुई निर्जंतुक नसेल तर 'ब' काविळीचे भय आहेच.

ज्याने आधीच गोंदवून घेतले, त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर मात्र ट्रस्टने गुणच पाहावेत. मुलाखतीस आलेल्या मुलाला बाही खाली ओढायला कोणी सांगू नये, एवढी आमची विनंती आहे.