चिंतातुर



पावसाळ्यात गंगेला पूर आला (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) की गावात पहिला प्रश्न असतो, "मारुतीला पाणी कुठवर?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचे पूर मोजण्याचे माप. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला आले, अशी बातमी आळीतून आळीत पोचते. पण काठावर काही मंडळी अशीही भेटतात की त्यांना गुडघा-कमरेशी कर्तव्य नसते. "गंगापूरचं धरणच फुटलं तर?" इथूनच त्यांचा आरंभ! अशा माणसाला आपण म्हणतो, चिंतातुर. आज या शब्दाविषयी थोडे बोलायचे आहे.

चिंता अधिक आतुर, असा हा सरळ जोड. आतुर शब्द आपण आज 'उत्सुक' या अर्थाने वापरतो. लेक माहेरच्या भेटीला आतुर झाली, असे म्हणतो. संस्कृतात मात्र आतुर म्हणजे पीडलेला, आजारी. मरणाच्या दारी घेतात त्या संन्यासाला आतुरसंन्यास म्हणतात, तो याच अर्थाने. क्षुधातुर म्हणजे काही भुकेसाठी उत्सुक नव्हे, भुकेने व्याकूळ झालेला. तसा चिंतातुर म्हणजे चिंतेने पीडलेला. आजारी आईच्या उशाशी मुलगा चिंतातुर होऊन बसला, या वाक्यात हसण्यासारखे काही नाही.

मग या शब्दाला हसू कोठून चिकटले? त्याचे बरेचसे श्रेय राम गणेश गडकरी (1885–1919) यांना द्यावे लागेल. 'गोविंदाग्रज' या नावाने लिहिलेल्या 'चिंतातुर जंतू' या कवितेत त्यांनी, सृष्टीच्या कारभारातली उधळपट्टी पाहून उगाच जीव खालीवर करणाऱ्यांची खाशी टर उडवली. ती कविता न वाचलेली माणसेही आज 'चिंतातुर जंतू' म्हणतात. त्यामुळे झाले काय, की शब्दाचा नूरच पालटला. चिंतेने पीडलेला मागे पडला, आणि चिंता करायला उत्सुक असलेला पुढे आला!

पण थट्टेचा हा शब्द आपण कोणालाही लावून मोकळे होतो, तिथे चूक होते. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या एका आत्याने 1969 चा महापूर डोळ्यांनी पाहिलेला. मृग लागला की तिचे धान्याचे डबे आणि कागदपत्रांची ट्रंक माळ्यावर जायची ती दसऱ्यालाच खाली यायची. आम्ही पोरे तिला चिंतातुर जंतू म्हणून चिडवत असू. सप्टेंबर 2008 मध्ये पूर आला आणि पाणी आमच्या गल्लीत शिरले. आमचे गहू भिजले, माझे शाळेचे दाखले भिजले. आत्याचे सारे कोरडे ठणठणीत! मी म्हटले, "आत्या, तुझी काळजी कामाला आली गं." ती म्हणाली, "अरे, मी काळजी करत नव्हते, घेत होते."

पाहा, आपल्या भाषेने केवढा भेद एका क्रियापदात ठेवला आहे! काळजी घेणाऱ्याचे हात चालतात. काळजी करणाऱ्याचे नुसते मन चालते, आणि तेही घाण्याच्या बैलासारखे, त्याच जागी. चिंतन आणि चिंता हे शब्दही एकाच धातूचे. चिंतनाने विचार पुढे जातो, चिंतेत तो फिरत राहतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण काही उगाच झाली नाही.

आता राहिला तो खरोखरीचा चिंतातुर. पूर ओसरला तरी ज्याला झोप लागत नाही, दाराची कडी वाजली तरी ज्याच्या छातीत धडधडते, "काळजी करू नकोस" म्हटल्याने ज्याची काळजी जात नाही, असा माणूस. अतिचिंता हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, हे आज वैद्यकही सांगते. म्हणजे आतुर या शब्दाचा जुना अर्थच इथे खरा ठरतो. अशा माणसाला जंतू म्हणून हसू नये. आतुर म्हणून त्याच्याजवळ बसावे, आणि हाताला धरून डॉक्टरांकडे न्यावे. यालाच काळजी घेणे म्हणतात.