घराखालून बोगदा जातो तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोगदे आणि इमारती हा विषय इंजिनियर लोकांचा, त्यात बायकांनी काय बोलायचे, असे कोणाला वाटेल. पण भिंतीला तडा गेला, दार अडू लागले, तर ते प्रथम कोणाला कळते? दिवसभर घरात वावरणाऱ्या बाईला. म्हणून चार शब्द बोलते.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ३३.५ किलोमीटरची. तिची गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके ९ ऑक्टोबर २०२५ पासून उतारूंना खुली झाली. आपला जगन्नाथ शंकरशेट रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जुन्या चाळी. वरून मोठा खड्डा घेऊन स्थानक बांधण्याइतकी जागा येथे नाही. म्हणून फलाटाचा भाग जमिनीखालूनच खणला. थोडा खडक काढायचा, लगेच त्यावर काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात सळ्या रोवायच्या, मगच पुढे सरकायचे, अशी ती रीत. तरीही काही इमारती पाडाव्या लागल्या. तेथल्या कुटुंबांना बिऱ्हाड हलवावे लागले, ते दुःख आपण जवळून पाहिले आहे.

खाली खणले की वर का हलते? डब्याच्या तळाशी भोक पाडून तांदूळ काढले, तर वर खळगा पडतो, तसेच हे. खडकाच्या भेगांतून बोगद्यात पाणी झिरपले, तर वरची मातीही बसते. सगळी इमारत सारखी बसली तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा जास्त आणि दुसरा कमी बसला, की भिंती ताणल्या जातात. आपल्या चाळी लाकडी खांब-तुळयांच्या आणि विटांच्या. त्यांना हा ताण फार सोसत नाही.

यावर उपाय आहेत. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरचे जुने भुयारी स्थानक वाढवताना शेजारीच बिग बेनचा मनोरा उभा होता. मनोऱ्याखालच्या जमिनीत आधीच नळ्या घालून ठेवल्या. मनोरा कलू लागला की त्यांतून सिमेंटचे मिश्रण दाबून भरायचे, पुन्हा मोजायचे. १९९९ साली ते काम पुरे झाले. मनोरा उभाच आहे. मर्म यंत्रात नाही, रोजच्या मोजणीत आहे. भिंतीवर लावलेल्या त्या छोट्या आरशांवरून आणि कल मोजणाऱ्या पेट्यांवरून हेच कळते. ठरलेल्या मर्यादेपुढे आकडा गेला, की काम थांबवले पाहिजे.

परंतु पंचाईत पुढेच असते. आपण म्हणतो, तडा खोदकामाने गेला. ते म्हणतात, तो आधीचाच आहे. दोघांनाही पुरावा नसतो! आणि भगिनींनो, प्रत्येक तडा बोगद्याचा नसतो, हेही खरे. पावसात लाकूड फुगते, मोरीचे पाणी भिंतीत मुरते, कोणी खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत काढतो. सरसकट ओरड केली, तर खऱ्या तक्रारीचेही वजन जाते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की खोदकाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक इमारतीने एक वही घालावी. खोलीवार तडे लिहावेत, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा, तारीख घालावी. मोठ्या तड्यावर काचेची पट्टी दोन्हीकडे पक्की चिकटवावी. ती फुटली, तर तडा वाढतो आहे असे समजावे. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा विशेष जपून पाहावा. अधिकारी पाहणीला आले, तर त्यांच्या कागदाची प्रत मागावी आणि मोजणीचे आकडेही मागावेत. विचारायला लाजू नये. तडा रुंदावत असेल किंवा तुळई वाकली असेल, तर मात्र वहीत लिहीत बसू नये. आधी मुलांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढावे आणि मग महापालिकेला व म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला कळवावे.

मेट्रो झाली म्हणजे खोदकाम संपले असे नाही. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा मोटारींचा जोडबोगदा हाती घेतलेला आहे. मुंबईला वाटा हव्यात, त्यांना आपला विरोध नाही. पण त्या वाटेवर जी घरे उभी आहेत, त्यांतल्या माणसांनाही विचारात घेतले पाहिजे. आपल्या मंडळाने या वर्षी निदान आपल्या गल्लीतल्या इमारतींच्या वह्या पुऱ्या कराव्यात, अशी सूचना मांडते आणि आपली रजा घेते.