वेष्टनाची मागची बाजू



पहाटे आपल्या शहरात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. यातली बरीच शेतकऱ्यांची, मजुरांची लेकरं. खोलीचं भाडं आणि अभ्यासिकेची फी भरून उरलेल्या पैशांत त्यांना पोट भरायचं असतं. अशा हातांत अलीकडे एक चकचकीत वडी दिसते, एनर्जी बार. वेष्टनावर धावणारा माणूस असतो. तो ही वडी खाऊन धावतो की नाही, कुणास ठाऊक; खिशातले पैसे मात्र नक्की धावतात!

बार वाईटच असतो असं नाही. तो खिशात मावतो, लवकर खराब होत नाही, प्रवासात उपयोगी पडतो. फक्त घेताना वेष्टन उलटं करावं. पुढची बाजू जाहिरातीची असते, मागची कायद्याची.

मागे घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमानं. पहिली तीन नावं वाचा. ओट्स, शेंगदाणे, बदाम असतील तर ठीक. साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल, तर ती मिठाईच समजा. कधी साखर, सिरप, मध, गूळ असा गोडवा चार नावांत वाटलेला असतो. मग प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. शरीर मात्र त्यांची बेरीजच करतं.

मग तक्ता पाहा. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका बारचे? शंभर ग्रॅममध्ये ३० ग्रॅम साखर असेल, तर ४० ग्रॅमच्या बारमध्ये १२ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्यासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरतात. त्यात आपला चहाही आला.

'साखरमुक्त' बारमध्ये माल्टिटॉलसारखे पदार्थ असू शकतात. ते जास्त झाले तर पोट बिघडतं. म्हणून मैदानी चाचणीच्या सकाळी नवा बार पहिल्यांदाच खाऊन पाहू नये.

आणि बार हवाच का? रोजा सोडताना खजूर, एकादशीला राजगिऱ्याचा लाडू, संक्रांतीला तिळगूळ. हे सगळे आपले जुने बारच की! त्यांतही गोड आहे, तेव्हा हातचं राखूनच खावं. पण ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तीही थोडक्या पैशांत. सोबत फुटाणे, एखादं केळं, आणि जेवणात भाकरी, वरण, शक्य असेल तर अंडं. एवढ्यावर धावण्याचं बळ येतं.

गावाकडून आलेले पैसे कुणाच्या तरी घामाचे असतात. ते खर्चण्याआधी वेष्टनाची मागची बाजू वाचायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा जरूर द्या.