किल्ली फिरते, इंजिन फिरत नाही

द्वारका म्हटले की मराठी श्रोत्याच्या मनात सौराष्ट्राचा समुद्रकिनारा उभा राहतो. या व्याख्यानातील द्वारका मात्र दिल्लीच्या नैर्ऋत्येस दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेली, पूर्वी पप्पनकलां या नावाने ओळखली जाणारी उपनगरी होय. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो तेथवर पोचली. मालक मेट्रोने कचेरीस जाऊ लागला म्हणजे गाडी गृहसंस्थेच्या आवारात आठ-आठ दिवस धूळ खात उभी राहते. आणि मग एखाद्या जानेवारीच्या रात्री घरात कोणाच्या छातीत दुखू लागते, चार माणसे धावत खाली येतात, किल्ली फिरविली जाते आणि इंजिन हूं की चूं करीत नाही. अशा वेळी मालक इतकेच सांगू शकतो की, गाडी चालू होत नाही.

पण या एका वाक्यात दोन अगदी निराळे आजार दडलेले असतात. इंजिन गरगर फिरते पण पेट घेत नाही, हा एक. त्याचे मूळ इंधनात किंवा ठिणगीत शोधावे. इंजिन मुळी फिरतच नाही, हा दुसरा, आणि येथे केवळ त्याचाच विचार करावयाचा आहे. दिल्लीचा मिस्त्री दूरध्वनीवर प्रथम विचारतो, ‘सेल्फ ले रही है क्या?’ त्या प्रश्नातच निम्मे निदान असते. ज्या मालकाला त्याचे उत्तर देता येत नाही, त्याच्या माथी धडधाकट स्टार्टरऐवजी नवा स्टार्टर मारला जाण्याची भीती असते.

एके काळी इंजिन माणूसच फिरवीत असे. जुन्या अँबॅसडर गाडीला पुढून हँडल घालण्याची सोय होती, हे अनेकांना स्मरत असेल. हाताचे ते काम विजेकडे सोपविण्याचे श्रेय चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. त्याने पूर्वी दुकानातील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनविली होती. जी मोटर क्षणभरच राबावयाची आहे, ती लहान असूनही मोठा जोर लावू शकते, हे त्याने तेथे हेरले होते. त्याचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसविला गेला. आजही तत्त्व तेच आहे. किल्ली फिरली की थोडासा प्रवाह सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड एकीकडे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवितो आणि दुसरीकडे तांब्याचे जाड संपर्क जोडून बॅटरीचा खरा प्रवाह मोटरमध्ये सोडतो. लहान गाडीतही हा प्रवाह शंभर-दीडशे अँपियरच्या घरात जातो.

ही साखळी ध्यानात आली की कोणत्याही उपकरणाविना बरेच काही उमगते. समोरचे दिवे लावावेत व किल्ली फिरवावी. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले, तर बॅटरी खाली गेली आहे किंवा तिच्या टोकांशी जोड ढिला आहे. टक-टक-टक असा भराभर आवाज येणे हीही बहुधा त्याचीच खूण. सोलेनॉइड संपर्क जोडतो, मोटर प्रवाह ओढते, बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइडची पकड सुटते. भार जाताच दाब सावरतो आणि पुन्हा तेच चक्र. याउलट दिवे तेजस्वी राहिले आणि एकच ठोस ‘टक्’ ऐकू आला, तर सोलेनॉइड हलला, पण त्याचे संपर्क जळाले असावेत वा मोटरचे कार्बन ब्रश झिजले असावेत. अशा स्टार्टरवर पान्याने हलकेच ठोकले असता गाडी कधीकधी चालू होते. मात्र ती दुरुस्ती नव्हे, गॅरेजपर्यंत जाण्याची मुदतवाढ आहे. दिवे तेजस्वी आणि आवाज मुळीच नाही, अशी स्थिती असेल तर सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाही. तेव्हा आधी अगदी साध्या गोष्टी पाहाव्यात. अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज स्टार्टर फिरत नाही. स्वयंचलित गिअरची गाडी पी किंवा एन या खुणेवरच सुरू होते. काही गाड्यांतील चोरीविरोधी यंत्रणा किल्ली ओळखू न शकल्यास स्टार्टर रोखून धरते. दुसरी किल्ली लावून पाहावी. त्यानंतर फ्यूज, रिले आणि किल्लीचा स्विच.

व्यवहारात मात्र पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा, आणि द्वारकेत तर विशेषच. उभ्या गाडीतही घड्याळ, संगणक, भोंगा यांना वीज लागते. ती ५० मिलिअँपियर धरली, तर दिवसाकाठी १.२ अँपियर-तास खर्च होतात. ३५ अँपियर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते आणि इंजिन फिरविण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधीच गमावते. दीडशे अँपियरने दोन सेकंद इंजिन फिरविण्यास जेमतेम ०.०८ अँपियर-तास लागतात. म्हणजे एक दिवस नुसते उभे राहणे हे चौदा वेळा गाडी सुरू करण्याइतके महाग पडते! २०२० च्या टाळेबंदीत अनेकांना हा हिशेब न मांडताच समजला. हवामानाचाही यात वाटा आहे. दोष थंडीला दिला जातो, कारण थंडीत तेल घट्ट होते व बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. परंतु बॅटरीचे आयुष्य खाल्लेले असते ते मे-जूनच्या उन्हाने. उन्हाळ्यातील दुखणे डिसेंबरात उघडकीस येते, एवढेच.

व्होल्टमीटर असल्यास तर्काची गरज उरत नाही. विसावलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ म्हणजे ती सुमारे अर्धी रिकामी. इंजिन फिरविताना दाब साडेनऊच्या खाली जाऊ नये. बॅटरी उत्तम असूनही इंजिन फिरत नसेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून किल्ली फिरवावी. काटा अर्ध्या व्होल्टपलीकडे गेला, तर अर्थिंगच्या तारेत गंज वा ढिलेपणा आहे. टोकांवरची पांढरी-निळसर भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतल्याने बरे झालेले स्टार्टर थोडेथोडके नाहीत.

पावसाळ्यात एक अपवाद संभवतो. गाडी तुंबलेल्या पाण्यातून आली किंवा सखल तळघरात बुडाली, आणि नंतर बॅटरी भरलेली असूनही इंजिन ‘धप्’ करून अडले, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. हवेसारखे पाणी दाबले जात नाही. पुन्हा पुन्हा किल्ली फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्ली काढून घ्यावी व गाडी ओढून न्यावी.

बॅटरीच खाली असेल, तर शेजाऱ्याची गाडी उपयोगी पडते. लाल तार आधी मृत बॅटरीच्या धन खुंटीला व मग चांगल्या बॅटरीच्या धन खुंटीला जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण खुंटीला जोडून तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. कारण शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. तारा काढताना क्रम नेमका उलटा. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवीत नसेल, तर बॅटरी बदलण्यापूर्वी अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासून घ्यावा.