मुंबईतला एक रविवार

आम्ही शहापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज कर्ज, हप्ते, शेळ्या यांतलं काही सांगणार नाही. आम्ही मुंबई बघून आलो, ते सांगायचंय.

मुंबई आम्हाला लांब नाही. आसनगावहून लोकलने दोन-अडीच तास. पण आजवर गेलो ते दवाखान्यात, नाहीतर कुणाच्या लग्नाला. नुसतं बघायला म्हणून कुणी गेलं नव्हतं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं. वेगळा डबा केला, दर आठवड्याला २० रुपये. ४० आठवड्यांत एकीचे ८०० जमले. बाराजणींची नाटकाची तिकिटं काढून ठेवली. आदल्या रात्री एकीच्या सासऱ्यांनी नाही म्हटलं. "नाटकं बघायला जायचं वय आहे का?" एवढंच. निघालो अकराजणी.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून पहाटेची गाडी धरली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून घाईने बाहेर पडू नका. रस्ता ओलांडून समोर उभ्या राहा आणि वर बघा. १८८७ साली बांधून झालेली ही इमारत. दगडात मोर, माकडं, खारी कोरल्यात. घुमटावर बाईचा पुतळा आहे, हातात मशाल. तिचं नाव प्रगती. आमच्यातल्या आजी म्हणाल्या, "बाईला चढवलं तर अगदी टोकावरच चढवलं की!"

तिथून चालत हुतात्मा चौकात गेलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं जिथे गोळीबारात पडली, ती ही जागा. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. हात जोडले. शेजारी फ्लोरा फाउंटन आहे, १८६४ सालचं कारंजं. वर फुलांची रोमन देवी आणि खाली चहूकडून पाणी. ऊन मी म्हणत होतं. पाणी बघून बरं वाटलं, आणि मग आम्ही गप्पच झालो.

कारण ते पाणी कुठून येतं, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तानसा धरण १८९२ सालचं, तेव्हापासून आमच्या तालुक्याचं पाणी मुंबईला जातं. आता एकट्या भातसा धरणातून मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी येतं. आणि आमच्या पाड्यावर त्याच आठवड्यात टँकर सुरू झाला होता. राग शहरातल्या लोकांवर नव्हता, त्यांनाही तहान आहेच. पण पाय तिथून लवकर निघेनात. एकीने कारंज्याचा फोटो काढला. टँकरच्या रांगेचा फोटो तिच्या फोनमध्ये आधीचाच होता.

गेटवे ऑफ इंडिया बघितलं. गर्दी फार, फोटोवाले मागे लागतात. त्याबद्दल एवढंच.

मग काळा घोडा. घोड्यावर पूर्वी इंग्रज राजा होता. १९६५ साली त्याला तिथून हलवलं, २०१७ साली नवा घोडा बसवला, तो स्वाराशिवाय. समोर जहांगीर आर्ट गॅलरी. दारात आम्ही बराच वेळ घुटमळलो. आत सगळं चकाचक, आमच्या हातात भाकरीच्या पिशव्या. परत फिरणारच होतो, तेवढ्यात पहारेकरी दादा म्हणाले, "या की मावशी, तिकीट नाही इथे." मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. तिथे फुकट जाता येतं, कुणालाही.

आत एक मोठं चित्र होतं. डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाई, हसरी, कंबर लचकत चाललेली. आम्ही आपसात बोलायला लागलो. चुंबळ कुठाय? हंडा भरलेला असेल तर मान अशी वाकडी राहील का? आणि चढावर हसू कसलं? चित्रकार बाजूलाच बसले होते, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते उठून आले. आम्ही घाबरलो. ते म्हणाले, "ताई, दाखवा ना कसं चालता ते." मग आमच्या अध्यक्षांनी पदराची चुंबळ केली, डोक्यावर भाकरीची पिशवी ठेवली आणि गॅलरीत चालून दाखवलं. मान ताठ, पाय आखूड. त्यांनी वहीत रेघा ओढल्या. लोक बघत होते, पण आम्हाला लाज वाटली नाही.

चर्चगेटहून दादरला गेलो. शिवाजी मंदिरात 'संगीत देवबाभळी' हे नाटक होतं. तुकोबांना शोधत, भाकरी घेऊन डोंगरावर निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो. विठ्ठल तो काढतो, आणि रखुमाईला तिची सेवा करायला तिच्या घरी पाठवतो. रंगमंचावर दोनच बाया. आवली देवाला चांगलं खडसावते. घरात सगळं तिने ओढायचं आणि नाव देवाचं! आम्ही इतक्या हसलो की पुढचे लोक वळून बघायला लागले. नंतर मात्र पदर डोळ्यांना लागले. आमच्याकडे तमाशाच्या रात्री बायकांनी घरात बसायचं असतं. इथे खुर्चीवर बसून एका बाईचं दुखणं एवढ्या लोकांनी शांतपणे ऐकलं.

बारावी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर आमच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

रात्री उशिरा घरी पोचलो. सकाळी टँकरपाशी ती भेटली. काही विचारलं नाही तिने, नुसती हंडा घेऊन शेजारी उभी राहिली. आमचा नंबर येईपर्यंत आम्ही तिला अख्खं नाटक सांगितलं, दोघींची सोंगं काढून. डबा पुन्हा सुरू केलाय. यावेळी तिच्या सासूबाईही २० रुपये टाकतात.