डोळ्यात फूल पडण्याआधी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शिक्षण शाळेत थोडं आणि वाचनालयात जास्त. डॉक्टरकीशी आमचा संबंध नाही. तरी आज डोळ्यावर बोलायला उभे राहिलो, कारण एका डोळ्याचा हिशोब आमच्याकडे बाकी आहे.

२०२२ सालच्या गळीत हंगामातली गोष्ट. आमच्या वहिनी कराड तालुक्यात ऊसतोडीला होत्या. उसाचं पान म्हणजे करवतच. मोळी उचलताना पान सपकन डोळ्याला लागलं. पाणी आलं, खुपायला लागलं. आता कुणी म्हणेल, लगेच दवाखान्यात का गेल्या नाहीत? ज्यांनी कोयता धरलाय ते हे विचारणार नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक घरी बसला की दुसऱ्याचंही काम अडतं, मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा पडला की तो हिशोबात कापला जातो. वहिनींनी डोळ्याला पदर लावून दोन दिवस ऊस तोडला. शेजारच्या पालातल्या म्हातारीनं जिभेनं कचरा काढून बघितला. तिसऱ्या दिवशी त्या सांगलीला आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, डोळ्यात कुसळ गेल्यासारखं टोचतंय बघा."

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ड्रॉप कपाटात शिल्लक होते. आम्ही मोठ्या शहाणपणानं तेच घातले आणि बाटली त्यांच्या पिशवीत टाकली. दोन दिवसांत लाली कमी झाली. आम्हाला बरं वाटलं. वहिनी परत फडावर गेल्या.

नवव्या दिवशी भाऊ त्यांना घेऊन आला तेव्हा बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता, उजेड सहन होत नव्हता, ठणक्यानं रात्रभर झोप नव्हती. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी डोळा बधिर करून डाग हलकेच खरवडला, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. म्हणाल्या, "बुरशी आहे." मग आमची बाटली हातात घेऊन विचारलं, "हे कुणी घातलं?" आम्ही मान खाली घातली.

त्या दिवसापासून आम्ही विचारून, वाचून जे समजून घेतलं ते सांगतो.

काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तर तो स्वच्छ दिसतो. पण म्हणूनच तिथं जंतू शिरले तर शरीराची मदत उशिरा पोचते. वरची साल शाबूत असेपर्यंत भीती नसते. ती पानानं, भाताच्या किंवा शाळूच्या कुसळानं, द्राक्षाच्या छाटणीत उडालेल्या काडीनं खरचटली की वाट मोकळी. झाडपाल्यावर बुरशी असतेच. शिळ्या भाकरीवर वाढते तशी ती त्या जखमेत वाढते, आणि सावकाश वाढते. पहिले काही दिवस फारसं कळत नाही, तिथंच माणूस फसतो. बॅक्टेरियाचा व्रण मात्र दोन-चार दिवसांत डोळा घेऊ शकतो.

आमच्या बाटलीत होतं स्टेरॉईड. ऑपरेशननंतर ते सूज उतरवायला देतात, तिथं ते योग्यच. पण ते लाली दाबतं तशी जंतूशी लढणारी ताकदही दाबते. डोळा बरा दिसत होता आणि आत बुरशीला रान मोकळं झालं होतं.

बुरशीवर नाटामायसिन नावाचा थेंब देतात. दुधासारखा पांढरा, बाटली हलवून घालायचा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाच थेंब दुसऱ्या एका महागड्या औषधापेक्षा सरस ठरला. सुरुवातीला दर तासाला घालायचा, रात्रीसुद्धा. आम्ही आणि पुतणी आळीपाळीनं गजर लावून उठत होतो. असे आठवडेच्या आठवडे. ठणका थांबला म्हणून औषध थांबवायचं नाही, आणि डोळ्यावर पट्टी बांधायची नाही.

वस्तीत कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं भोगतीय. घरोघरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ठेवलेल्या माणसांनी असं बोलावं याचा आम्हाला राग आला. मागचा जन्म कशाला, आमच्या कपाटातली बाटली पुरली.

नेपाळमध्ये भक्तपूर इथं गावातल्या कार्यकर्त्यांनी डोळा खरचटलेल्या ४४२ लोकांना अँटिबायोटिक मलम दिलं. त्याचा अहवाल २००१ साली आला. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत ज्यांना मलम सुरू झालं, त्यांच्यात एकालाही व्रण झाला नाही. पुढं त्याच देशात मोठा अभ्यास झाला, त्यात गावागावांत कार्यकर्ते नेमूनही व्रण कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून मलम घरात आणून ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. पानाचा फटका बसला तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. आपल्याला साताऱ्याचा जिल्हा दवाखाना आहे, सांगली-मिरजेचे सरकारी दवाखाने आहेत. डोळा चोळू नका. जीभ, आईचं दूध, मध, एरंडेल काही घालू नका. चुना किंवा फवारणीचं औषध उडालं तर मात्र वाट न बघता आधी स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग दवाखाना.

वहिनींचा व्रण भरला, पण जागेवर फूल पडलं. त्या डोळ्याला बोटं मोजता येतात, एवढंच. डॉक्टरांनी बुबुळ बदलायचं सुचवलंय, नाव यादीत आहे. हे काम नवीन नाही. १९०५ साली युरोपात ओलोमोउत्स गावी डॉ. झिर्म यांनी चुन्यानं डोळे गेलेल्या एका मजुराला बुबुळ बसवलं, ते टिकलं आणि तो पुन्हा कामाला लागला. पण बुबुळ दुकानात मिळत नाही. कुणीतरी मेल्यावर सहा तासांच्या आत घरच्यांनी नेत्रपेढीला कळवावं लागतं. श्रीलंकेच्या बौद्धांनी १९६१ पासून नेत्रदानाची संस्था चालवून देशोदेशी बुबुळं पाठवली. आपल्या विहारात फॉर्म ठेवलेत. आम्ही आमचा भरलाय. पण फॉर्म घरच्यांना माहीत पाहिजे, नाहीतर त्या वेळी कुणाला आठवत नाही.

वहिनी आज मागच्या रांगेत बसल्यात. ही गोष्ट सांगू का, असं काल आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा भाऊजी, पण बाटली तुमची होती हे गाळू नका."

दाराजवळच्या टेबलावर एक डबा ठेवलाय. घरातल्या उरलेल्या ड्रॉपच्या बाटल्या पुढच्या पौर्णिमेला येताना त्यात आणून टाका.

जय भीम!